घरी शिकते, असा रकाना नाही

शाळा उघडून आठवडा झाला तेव्हा सुधाकरराव गुरुजी नीलिमाच्या दारात आले, पण सायकलीचं कॅरिअर रिकामं होतं. दरवर्षी जूनमध्ये ते यायचे ते सुतळीनं बांधलेला पुस्तकांचा गठ्ठा घेऊन. चैत्राली गठ्ठ्याची वाट बघत सकाळपासून उंबऱ्यात बसली होती. तिनं आधी कॅरिअरकडे पाहिलं, मग गुरुजींच्या तोंडाकडे, आणि आत निघून गेली.

निंबगव्हाण हे जैनथच्या बाजूचं, पेनगंगेच्या अलीकडचं, तेलंगणातलं कापसाचं गाव. तिथल्या सातवीपर्यंतच्या मराठी शाळेत दोन खोल्या, दोन मास्तर आणि सव्वीस मुलं. सुधाकरराव तिथले मुख्याध्यापक. नीलिमाचा नवरा रविकांत त्यांच्याच हाताखाली शिकला, म्हणून ते नीलिमाला सूनबाई म्हणायचे.

त्यांनी पाणी घेतलं, खिशातून मोबाइल काढला आणि सांगायला सुरुवात केली. यंदापासून हजेरी वहीत लागत नव्हती. पोरांना ओळीनं उभं करायचं, एकेकाच्या चेहऱ्यासमोर मोबाइल धरायचा, आणि मोबाइलनं चेहरा ओळखला तरच ते पोर हजर. आठ दिवस त्यांनी चैत्रालीच्या नावापुढे काहीच केलं नव्हतं. काल वरून फोन आला, ही मुलगी कुठं आहे म्हणून.

"मंग तुमी काय सांगतलं?" नीलिमानं विचारलं.

"सांगतलं, आजारी हाय. ते म्हणे तीस दिवस झाले की नाव आपोआप कटते." गुरुजींनी मोबाइल पुन्हा खिशात घातला. "वहीत माह्या हातची गोष्ट होती, सूनबाई. आता नाही राह्यली."

ही वहीतली गोष्ट दोन वर्षांची होती. चैत्राली सात वर्षांची असताना तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार असल्याचं कळलं. दहा-बारा दिवस पोरगी हरणासारखी बागडायची, मग एकदम सांधे धरायचे, पोटऱ्या दुखायच्या, आणि रडून रडून ती निळी-पिवळी व्हायची. थंडी चालत नव्हती, ऊन चालत नव्हतं, दर अर्ध्या तासाला पाणी लागायचं. तिसरीत असताना जानेवारीच्या सकाळी प्रार्थनेला उभी राहिली, थंडीनं सांधे धरले आणि नऊ दिवस आदिलाबादच्या दवाखान्यात काढावे लागले. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तेच. त्या दुसऱ्या वेळी, सलाइनची बाटली संपायची वाट बघता बघता, नीलिमानं तिला खाटेवरच भागाकार शिकवायला घेतला. डिस्चार्ज मिळाला तेव्हा पोरगी तीन अंकी भागाकार करत होती. नीलिमा स्वतः बी.एस्सी. झालेली होती. घरी येताना बसमध्ये तिनं रविकांतला सांगून टाकलं की हिला आता मीच शिकवते.

गुरुजींनी तेव्हा अडवलं नाही. उलट म्हणाले, नाव राहू द्या, हजेरीचं मी बघतो. नाव राहिलं म्हणून पुस्तकं आली, वह्या आल्या, गणवेशाचं कापड आलं, वर्षाच्या शेवटी शिष्यवृत्ती आली. परीक्षेचे पेपर गुरुजी स्वतः पिशवीत घालून आणत, घड्याळ समोर ठेवून चैत्रालीला सोडवायला लावत आणि एक मार्कही फुकटचा देत नसत. चौथीत तिला गणितात पन्नासपैकी एक्केचाळीस पडले होते. नऊ का गेले, यावर ती गुरुजींशी पाऊण तास भांडली होती.

तीस दिवसांनी नाव कटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी शाळाबाह्य मुलांची पाहणी करायला एक तरुण पोरगी आली. तेलुगू बोलणारी, दमलेली, ओढणी डोक्यावर घेतलेली. त्या वेळी चैत्राली ओसरीवर अपूर्णांकांची बेरीज करत होती. पाहणीच्या पोरीनं टॅबवर बोट फिरवत नाव विचारलं, वय विचारलं, मग कारण विचारलं. नीलिमानं तिला तेलुगूतच सांगितलं की शिक्षण सोडलेलं नाही, मुलगी घरी शिकते, ही बघा वही. पोरीनं वही पाहिली. अक्षर छान आहे म्हणाली. मग टॅब नीलिमापुढे धरला. कारणांची यादी होती: कामाला जाते, लग्न झालं, गाव सोडलं, आजार, आवड नाही.

घरी शिकते, असा रकाना नाही अक्का, ती म्हणाली. आणि "आजार"वर बोट ठेवून पुढच्या ओळीत तिनं "शिक्षण बंद" निवडलं, कारण पुढची ओळ भरल्याशिवाय पान सरकत नव्हतं.

ती गेल्यावर चैत्रालीनं विचारलं, "आई, माह्यं शिक्षण बंद झालं काय?"

नीलिमानं तिला बेरीज पुरी करायला सांगितलं. स्वतः मात्र मोरीत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासत बसली. तिला राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. त्या पोरीवर काढण्यात अर्थ नव्हता. गुरुजींवर तर नाहीच.

मंडलाच्या, म्हणजे तालुक्याच्या, शिक्षण दफ्तरात ती तीनदा गेली. पहिल्यांदा साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्यांदा कारकुनानं सांगितलं की घरी शिकणाऱ्या मुलांसाठी सरकारची सोय आहे, मास्तर घरी येतो, पुस्तकं येतात, भत्ताही मिळतो, पण त्यासाठी अपंगत्वाच्या दाखल्यावर पंचाहत्तर टक्के पाहिजेत. चैत्रालीच्या दाखल्यावर चाळीस होते. तिसऱ्या वेळी नीलिमानं वर्षभराचे दवाखान्याचे कागद नेले, त्यात एकशे सहा दिवस आजारपणाचे भरत होते. कारकुनानं ते सगळे नीट पाहिले, रचून परत दिले आणि सांगितलं की दिवस मोजायचा नियम नाही, टक्के मोजायचा आहे. मुक्त शाळेचं विचारलं तर म्हणाला, त्याला चौदा वर्षं पूर्ण लागतात. मुलगी अकराची. म्हणजे शाळेत बसायला ती जास्त आजारी होती, आणि घरी शिकायला पुरेशी आजारी नव्हती. उरलेल्या तीन वर्षांचं काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

त्याच दफ्तराच्या बाकावर तिला भागीरथा भेटली. तामसीकडची, पन्नाशीला टेकलेली, ज्वारीच्या भाकऱ्या फडक्यात बांधून आणलेली. तिची नात जन्मापासून अंथरुणावर होती, दाखल्यावर नव्वद टक्के होते. तिला सगळं मिळायला हवं होतं, पण दाखला मराठी आडनावानं आणि आधार कार्ड तेलुगू स्पेलिंगनं, त्यामुळे दोन वर्षं सगळं अडकून पडलं होतं.

"तुह्या पोरीले टक्के नाही, माह्या पोरीले नाव नाही," भागीरथा म्हणाली आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. "बस. भूक लागली की राग जास्त येते."

त्या दुपारी बसस्टँडवर दोघींनी ठरवलं की एकेकटीनं जाऊन काही होत नाही. पुढच्या दीड महिन्यात नीलिमा रविवारी-रविवारी बसनं नाहीतर ऑटोनं गावं फिरली. दवाखान्यात ओळख झालेल्या आयांना विचारत, त्यांच्याकडून दुसऱ्यांची नावं काढत, या दोघींची धरून अकरा घरं झाली. कुणाच्या मुलाला फिट यायच्या, एकाची दोन्ही डोळ्यांची नजर जात चालली होती, एका मुलीला शाळेत जायचा रस्ता म्हणजे नाल्यातली पायवाट, आणि तिची कुबडी चिखलात रुतायची. सगळ्या घरांत कुणीतरी शिकवत होतं. कुठं आजोबा, कुठं दहावी नापास मामा. भागीरथाला स्वतःला लिहिता येत नव्हतं, तरी ती नातीला अंकांची गाणी म्हणायची, आणि नात सातपर्यंत बोटं हलवायची.

नीलिमानं दरखास्त आधी मराठीत लिहिली, मग तेलुगूत. तिचं म्हणणं साधं होतं. सरकार शिकवण्यावर जो खर्च करतं तो मुलामागे असावा, शाळेच्या भिंतीमागे नाही. पुस्तकं मुलाच्या नावावर यावीत. टक्क्यांसोबत आजारपणाचे दिवसही धरावेत. वर्षातून दोनदा जवळच्या शाळेत परीक्षा घ्यावी, आम्ही शिकवतो की नाही ते तपासावं, आणि मगच काय द्यायचं ते द्यावं. फुकट काही नको, हे वाक्य तिनं दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी राहू दिलं.

रविकांतनं दरखास्त वाचून घडी घातली. तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा; हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून घरीच होता. "तपासावं म्हणून काऊन लिवलं? आपल्या पायावर आपणच धोंडा मारून राह्यलो."

"तपासलं नाही तर ते आपल्याले खोटं म्हणतील," नीलिमा म्हणाली.

दर सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी, आदिलाबादला, कलेक्टर कचेरीत लोकांचे अर्ज घेत. नीलिमा आणि भागीरथा पहिल्या सोमवारी गेल्या, टोकन घेतलं, साडेतीन तास बसल्या. अर्ज घेणाऱ्या बाईनं हसून नमस्कार केला, वर शिक्का मारला, नंबरची चिठ्ठी दिली. वीस दिवसांनी उत्तर आलं ते मंडलाच्या त्याच दफ्तरातून, त्याच कारकुनाच्या अक्षरात: नियमात बसत नाही, मुलीस निवासी शाळेत घालावे. दुसऱ्या सोमवारचा अर्जही फिरून तिथंच आला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात तक्रार. तिसऱ्या वेळी नीलिमानं अर्ज पुढे केला आणि सोडलाच नाही. अर्ज घेणाऱ्या बाई एका बाजूनं ओढत होत्या, ही दुसऱ्या बाजूनं धरून होती. मागची रांग बघत होती.

"मॅडम, हा खाली पाठवू नका," ती तेलुगूत म्हणाली. "खाली नियम नाही. नियम वर आहे. वरच्या माणसाला वाचायला द्या."

त्याचा काय परिणाम झाला कोण जाणे, पण नोव्हेंबरात सगळ्या अकरा घरांना बोलावणं आलं.

जिल्ह्याच्या शिक्षण खात्यातले व्यंकटेश नावाचे अधिकारी पेशी, म्हणजे सुनावणी, घेणार होते. वय चाळिशीच्या आत, चष्मा, बोलणं मऊ. नीलिमानं मनात ज्या माणसाशी चार महिने भांडण केलं होतं, तो हा नव्हता. त्यांनी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, लहान मुलं ज्यांनी आणली होती त्यांना पंख्याखाली बसवलं. दरखास्त त्यांनी खरोखर वाचलेली होती. मध्ये पेन्सिलीच्या खुणा होत्या. पुस्तकं मुलाच्या नावावर देणं जिल्ह्याच्या अखत्यारीत जमण्यासारखं आहे, ते म्हणाले, टक्क्यांचं हैदराबादला लिहावं लागेल, पण लिहू. भागीरथाच्या नातीच्या नावाची स्पेलिंग त्यांनी तिथल्या तिथं दुरुस्त करायला सांगितली. भागीरथानं नीलिमाचा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मग ते म्हणाले, प्रत्येक मुलाची माहिती बघून घेऊ, आणि लॅपटॉप पुढे ओढला. पहिलं नाव चैत्रालीचं होतं, कारण दरखास्त नीलिमाच्या सहीची होती.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग लॅपटॉप तिच्याकडे वळवला. मागच्या वर्षी कामाचे दिवस दोनशे अठरा, चैत्राली हजर दोनशे दोन. त्याच्या आधीच्या वर्षी दोनशे सोळापैकी एकशे नव्याण्णव. लॅपटॉपच्याच बाजूला तिनं जोडलेले दवाखान्याचे कागद पडले होते.

व्यंकटेशांनी आवाज चढवला नाही. ते हिंदीत म्हणाले की यातलं एकच खरं असू शकतं. मुलगी शाळेत रोज येत होती, तर ती घरी शिकत होती हा अर्ज खोटा. घरी शिकत होती, तर हजेरी खोटी, आणि ती कुणी लावली ते मला लिहावं लागेल. आणि पहिलंच नाव असं निघालं तर वरचे लोक बाकीची दहा बघणारसुद्धा नाहीत.

नीलिमाला सुधाकररावांची रिटायर व्हायची तारीख पाठ होती. एकतीस मार्च. त्यांच्या बायकोनं गावभर सांगून ठेवलं होतं, एप्रिलमध्ये जेवण घालायचं म्हणून. खरं बोलायला ती इथं आली होती. चार महिने प्रत्येक कागदावर तिनं खरंच लिहिलं होतं. आणि एकच गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती तिला खोटी वाटतच नव्हती; ती तिला मदत वाटत होती.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "माझ्या मुलीचं नाव काढून टाका. बाकीच्यांचं राहू द्या."

व्यंकटेशांनी तिच्याकडे पाहिलं, त्यांना समजलं असावं. कोऱ्या कागदावर तिच्याकडून लिहून घेतलं की अर्जदार आपले नाव स्वखुशीने मागे घेत आहे. स्वखुशीने हा शब्द त्यांनीच सांगितला. तिनं तो लिहिला. दरखास्तीवर पहिलं नाव भागीरथाच्या नातीचं आलं.

परतीच्या बसमध्ये भागीरथा खिडकीकडे तोंड करून बसली. तामसीच्या फाट्यावर उतरताना फक्त म्हणाली, "मले सांगतलं असतं तं म्या तुले पयल्या नंबरावर नसतं ठेवलं."

जानेवारीत आदेश निघाला. दहा मुलांना पुस्तकं घरपोच, परीक्षा जवळच्या शाळेत, आणि नव्वद टक्केवालीला भत्ता चालू. टक्के की दिवस, याचं उत्तर हैदराबादहून आलेलं नव्हतं. आदेशाची प्रत रविकांतनं मोबाइलवर मोठी करून वाचली. दहा नावं होती. त्यानं ती दोनदा वाचली, मग मोबाइल उशाशी ठेवून तो भिंतीकडे तोंड करून पडला.

त्या आठवड्यात भागीरथा दोन बसा बदलून निंबगव्हाणला आली. तिच्या नातीचं वय अकरा, म्हणून तिला सहावीची पुस्तकं आली होती, सगळी, विज्ञानासकट. जी पोर सातपर्यंत बोटं हलवते तिला. भागीरथानं पिशवी चैत्रालीपुढे ठेवली.

"घे माय. आमच्याकडे नुसती पडून राह्यतील."

चैत्रालीनं पुस्तकांना हात लावायच्या आधी आईकडे पाहिलं. जूनपासून ती पाचवीचीच पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचत होती, आणि शेजारच्या पोराचं विज्ञानाचं पुस्तक रविवारी मागून आणत होती. नीलिमा मान हलवून हो म्हणाली. पोरगी पिशवी घेऊन आत पळाली. पण नीलिमाला त्या पुस्तकांचा आनंद होईना. पुन्हा दुसऱ्याच्या नावावर. पुन्हा कुणाच्या तरी चांगुलपणावर, मागच्या दारानं. हेच नको म्हणून तर ती गावं पालथी घालत होती.

भागीरथाला चहा देऊन, बसला बसवून ती तशीच सुधाकररावांच्या घरी गेली. गुरुजी अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होते. पेशीत काय झालं ते त्यांच्या कानावर आलेलं होतं. खेडेगावात अशा गोष्टीला पाय फुटतात. पण गेले दोन महिने त्यांनी तिच्याशी तो विषय काढला नव्हता, आणि तिनंही नाही.

तिनं उभ्याउभ्याच सांगितलं की येत्या सोमवारी ती चैत्रालीच्या नावानं नवी दरखास्त देणार, आणि त्यात दोन वर्षांची हजेरी कशी लागली ते लिहिणार. हजेरी लावा असं कुणी म्हटलं नव्हतं, पण लागते आहे हे आपल्याला माहीत होतं आणि आपण घेत राहिलो, हेही लिहिणार.

गुरुजींनी शेंगा पसरायचं थांबवलं नाही. "दोन महिने थांब, सूनबाई. मार्च निघू दे."

"मार्चमध्ये वर्ष संपते, गुरुजी. सहावीची परीक्षा तिले बसू देणार नाही."

"पेन्शनचे कागद गेले हायत माह्ये. एक नोटीस आली की सारं अडकते. पस्तीस वर्षं केली म्या."

"मले मालूम हाय."

"मंग?"

"दोन वर्षं तुमी तिले हजर लावलं. आता तुमच्यासाठी म्या तिले गैरहजर ठेवू काय?"

गुरुजींनी वाकून आणखी मूठभर शेंगा पसरल्या. गुरुजींची बायको दारात कधी येऊन उभी राहिली होती ते नीलिमाला कळलं नाही. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिनं पुढे केला नाही, आणि तशीच आत गेली.

सोमवारी नीलिमानं दरखास्त दिली. व्यंकटेशांनी ती वाचून चष्मा काढला, डोळे चोळले आणि विचारलं, नोव्हेंबरातच का नाही बोललात. ती म्हणाली, तेव्हा जमलं नाही.

काम यावेळी झपाट्यानं झालं, कारण दोषी कोण ते कागदावर आयतंच होतं. फेब्रुवारीत चैत्रालीचं नाव अकरावं म्हणून चढलं. मार्चमध्ये ती जैनथच्या शाळेत जाऊन सहावीची परीक्षा देऊन आली, मध्ये एक दिवस कंबर धरली तर पाठीला गरम पाण्याची पिशवी लावून पेपर लिहिला. आणि सुधाकररावांना नोटीस आली. ते एकतीस मार्चला रिटायर झाले, शाळेतल्या पोरांनी गुलाबाचं एकेक फूल दिलं, पण पेन्शन चौकशी होईपर्यंत थांबली. एप्रिलचं जेवण झालं नाही.

गावानं नीलिमाशी बोलणं कमी केलं. दळणाच्या चक्कीवर बाया सरकून जागा द्यायच्या, पण गप्पा थांबायच्या. ज्यानं पोरीला तारलं त्यालाच बुडवलं, असं एकीनं तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. नीलिमानं पीठ घेतलं आणि घरी आली. उत्तर द्यायचं असतं तर तिच्याकडे होतं. गुरुजींना बुडवलं ते मी नाही. ज्या नियमात खऱ्या आजारी पोरीला जागा नव्हती आणि खोट्या हजर पोरीला होती, त्या नियमानं बुडवलं. पण चक्कीच्या घरघरीत हे कुणाला सांगायचं? आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर तिचं तिलाही ते पुरतं पटायचं नाही.

मे महिन्यात ती स्वतःच पुन्हा गुरुजींच्या घरी गेली. हातात एक मसुदा होता. सुधाकररावांची चौकशी मिटवून पेन्शन चालू करावी, अशी दरखास्त. खाली अकराही घरांच्या सह्या, भागीरथाचा अंगठा. गुरुजींच्या बायकोनं दार उघडलं, पाहिलं, आणि आत घ्यायचं मनात नसूनही बाजूला झाली.

गुरुजींनी कागद उन्हाच्या कवडशात धरून वाचला. पस्तीस वर्षं पेपर तपासलेला माणूस, खिशातून आपोआप पेन निघालं. एका वाक्यावर ते थांबले. नीलिमानं लिहिलं होतं की त्यांनी हे दयेपोटी केले.

"हे काट," ते म्हणाले आणि स्वतःच रेघ मारली. "दया नाही. हजेरी म्या खोटी लावली, ते चूकच हाय. पण पोरगी शिकून राह्यली होती, हे खरं लावलं. तेवढंच लिव."

तिनं तिथंच मांडीवर कागद धरून ते लिहिलं. त्यांनी पुन्हा वाचलं आणि एक वेलांटी दुरुस्त केली.

पुढच्या सोमवारी दोघं एकाच बसनं आदिलाबादला गेले, वेगवेगळ्या सीटवर बसून. उन्हाळ्यामुळे रांग मांडवाबाहेर गेली होती. टोकन मिळालं एकशे अठ्ठ्याऐंशी. चालू होतं एकतीस. वीज गेली, माइक बंद पडला, मग नंबर तोंडानं पुकारायला लागले, ते मागे ऐकू येईनात. नीलिमानं पिशवीतून पाण्याची बाटली काढून गुरुजींपुढे धरली. त्यांनी ती घेतली, दोन घोट प्यायले आणि बूच घट्ट लावून परत दिली.

"हैदराबादचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "टक्क्यांचं?"

"आलं नाही अजून," नीलिमा म्हणाली. "तेही विचारायचं हाय आज."

"मंग दोन अर्ज झाले."

"दोन झाले."

कुणीतरी पुढून ओरडून सांगितलं की बत्तीस आणि तेहतीस आत गेले. रांग अर्धं पाऊल सरकली. तेवढं पाऊल ती दोघं पुढे झाली.